अकरा नंबरचं कारण

सर, तुमच्या विहिरीवरच्या पंपाची मोटार माझ्या दुकानात आली आहे. आली आहे म्हणजे मीच जाऊन काढून आणली. गेल्या आठवड्यात दुकानातला फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज, मालगुंडहून बोलतेय म्हणाल्या, मोटार जळली, नवीन कलमांना पाणी नाही, कुणी येईल का. मी नाव विचारलं नाही, फक्त कुठे ते विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेच्या पुढे उतार, उताराला चिऱ्यांचा गडगा, गडग्याच्या आत रामफळ. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या झाडाची रामफळं तुम्ही दर वर्षी पिशवीतून कॉलेजात आणायचात आणि पेपरात गुंडाळून लॅबच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटल्यांशेजारी पिकत ठेवायचात. पण फोनवर मला फक्त मोटार ऐकू आली. हल्ली मला मोटारीच ऐकू येतात. रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे माझा एक गाळा आहे. जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपटून काढायची, वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून वाळवायची, आणि करंट लावून कान देऊन ऐकायचं. शेवटच्या वर्षी बीएस्सी सोडून दिलेल्या माणसाला हे बरं जमतं.

काकूंनी दार उघडलं आणि चष्मा वर करून बघत राहिल्या. "अरे, तू तो केळशीचा ना? ह्यांची तोफ?" म्हटलं, हो काकू. "केस गेले की रे तुझे. आणि तो राग?" म्हटलं, तो आहे. त्या हसल्या. घरी तुम्ही मला तोफ म्हणायचात हे मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडावर तुम्ही एकच शब्द वापरायचात, 'महाशय'. महाशय, बाटलीला बूच लावा. महाशय, तुमची चप्पल लॅबच्या बाहेर. त्यांनी मला ओळखलं नसतं तर मी मोटार भरून, बसवून, पाणी सोडून निघून गेलो असतो. हे पत्रही मग लिहिलं नसतं.

मी तुमच्या लॅबमध्ये आलो तो अठ्ठ्याण्णव सालात, आणि शिकायला नाही, डाग लावायला. वर्गात कुणीतरी सांगितलं की केळशीच्या मुलाला सोल्डरिंग येतं. तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर एक उघडं खोकं, त्यात गावातल्या रेडिओवाल्याने अर्धवट जोडलेल्या तारा, शेजारी गाडीची बॅटरी. रत्नागिरीतली वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही म्हणून तुमचं यंत्र बॅटरीवर चालणार होतं. मी विचारलं, सर, ह्याचं काय करणार? तुम्ही म्हणालात, "उंदरांना विचारणार." मला वाटलं तुम्ही माझी थट्टा करताय, आणि मी लगेच तापलो. तुम्ही खुर्ची ओढलीत, बसा महाशय म्हणालात, आणि पुढचा तासभर मला असं समजावलंत की तसं आजवर मला कुणी काही समजावलेलं नाही.

उंदराच्या मेंदूत खोलवर एक जागा असते. तिथवर केसाएवढी तार पोचवून अगदी बारीक करंट दिला तर त्याला काहीतरी फार बरं वाटतं. काय वाटतं ते उंदीर सांगत नाही, पण पेटीतली पट्टी दाबली की ते मिळतं एवढं कळलं की तो खाणंपिणं विसरून पट्टी दाबत बसतो. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. रोज एक तास, असे दहा दिवस करंट मिळालेल्या मेंदूत, त्या जागेपासून लांबच्या, दुसऱ्याच कामाच्या पेशींना जास्त डहाळ्या फुटतात का? डहाळ्या हा तुमचा शब्द. पुस्तकातला शब्द तुम्हाला आवडायचा नाही. "पेशीला डहाळी फुटली की ती दुसऱ्या पेशीला आणखी एका जागी भेटते. म्हणजे नुसता करंट देऊन मेंदूतली जोडणीच बदलते का, एवढंच बघायचंय," तुम्ही म्हणालात. एवढंच! तुमची नोकरीची सात-आठ वर्षं उरली होती आणि त्या एवढंचसाठी तुम्ही पुण्याच्या मार्गदर्शकांकडे पीएचडीला नाव नोंदवून आधीच चार वर्षं घालवली होतीत.

सहा उंदीर करंटचे आणि सहा कोरे. कोरे हाही तुमचाच शब्द. कोऱ्या उंदराच्याही डोक्यात तीच तार, दातांच्या डॉक्टरकडून आणलेल्या सिमेंटची तीच पांढरी टोपी, वरून स्प्रिंगला टांगलेली तीच वायर, तीच पेटी, तीच पट्टी. फक्त करंट नाही. मी म्हटलं, द्यायचं काहीच नाही तर त्याच्या डोक्याला भोक कशाला पाडायचं? तुम्ही म्हणालात, "फरक एकाच गोष्टीचा हवा. दोन गोष्टींचा फरक ठेवलात की तुम्ही गोष्ट सांगताय, प्रयोग करत नाही." ते मला पटलं होतं. पटलं होतं म्हणून तर पुढे जे केलं त्याला माझ्याकडे माफी नाही. अडाणीपणानं केलं असं मी म्हणू शकत नाही.

ज्या दिवशी उंदीर मारायचे त्या दिवशी तुम्ही डबा खात नव्हता. ईथर देऊन, सगळं शांतपणे करून, मेंदू बाटलीत घालून झाला की हात धुवायचात आणि खिडकीशी उभे राहायचात. तुमचा डबा मग मी आणि शिपाईमामा खायचो. मामा एकदा म्हणाले, "सर, रोज एक उंदीर मारा. ह्या पोराच्या अंगाला तरी लागंल." तुम्ही हसला नाहीत. मामांचं आणि तुमचं खरं वाजलं ते गणपतीवरून. पुण्याहून उंदीर उशिरा आले आणि शेवटच्या चार जणांचे दहा दिवस नेमके चतुर्थीच्या आसपास पडले. मामा दारातच उभे. "सर, त्याचं वाहन हाय ते. ह्या दिसात तरी नको." तुम्ही समजावताय, "मामा, मारायचं गौरी गेल्यावर. ह्या दिवसांत फक्त करंट." मामा म्हणाले, "म्हंजे शॉक चालतो देवाला? तुमचा देव लय सोयीचा हाय ओ." आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. वेळापत्रक काढून बघितलंत, दोन दिवस पुढेमागे केलंत आणि गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत एकही जीव जाणार नाही असं बसवलंत. प्रयोगातली तुमची ती एकच श्रद्धा होती.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं. टाळून बघितलं, जमत नाही. आमच्याच वर्गातली, देवरुखची. तिचा हात चित्राला चांगला म्हणून तुम्ही तिला मायक्रोस्कोपवर बसवलं होतंत. चांदीच्या द्रावणाने रंगवलेला मेंदूचा काप. पिवळ्या जमिनीवर शंभरात एखादीच पेशी काळी, सगळ्या डहाळ्यांसकट. मायक्रोस्कोपला लावलेल्या आरशातून पेशी आणि कागद एकदम दिसायचे आणि आपण नुसती पेन्सिल फिरवायची. दुसऱ्या टेबलावर मी. मी पेशी कमी आणि तिला जास्त बघायचो हे तुम्हालाही माहीत होतं. ती एकदा माझा कागद उचलून म्हणाली, "सर, ह्याच्या पेशीला ह्याच्या मनातल्या चार फांद्या जास्त आहेत. मोजायच्या का?" तुम्ही म्हणालात, "मनातल्या खोडून उरतील त्या मोजा." मी कान लाल करून बसलो, आणि तरी त्या संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन एकटाच हसत होतो, की ती माझ्याबद्दल बोलली.

मी तिला चिठ्ठ्या लिहायचो. किती लिहिल्या ते आठवून आता घाम फुटतो. चतुर्थीच्या तीन दिवस आधी एसटी स्टँडवर, देवरुख गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी तुला कधी हो म्हटलंय? तुझ्याशी नीट बोलते म्हणजे काय झालं? मी मामांशीही नीट बोलते." गाडी गेली. मी तिथून चालत कॉलेजला आलो आणि तुम्ही म्हणत होतात की सहा दिवस उंदरांचं कोण करणार, घरी गणपती, गौरी, मला जायलाच हवं. मी म्हटलं, मी आहे. तुम्ही म्हणालात, "तुझ्या घरी नाही बसत गणपती?" म्हटलं, बसतो, माझ्यावाचून बसेल. कोकणातल्या मुलाने गणपतीला घरी न जाणं म्हणजे काय हे तुम्हाला कळत होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत, आणि तरी किल्ली दिलीत. "नऊ आणि दहा, करंट. अकरा आणि बारा, कोरे. वायर जोडायची, तासभर बसवायचं, खोक्याचं बटण दाबायचं नाही, म्हणजे पट्टीला करंट येणार नाही. आणि नावं ठेवत बसू नका त्यांना. नंबर म्हणजे नंबर."

बारा नंबर कोपऱ्यात अंगाचं वेटोळं करून झोपायचा. त्याला काही नको होतं. अकरा नंबर तसा नव्हता. तो पेटीभर हिंडायचा, पट्टी हुंगायचा, तिच्यावर पाय ठेवायचा आणि थांबायचा. पुन्हा ठेवायचा, थांबायचा. पलीकडे नऊ आणि दहा आपापल्या तासाला खटाखट पट्टी दाबत होते आणि हा एक पाय ठेवून वाट बघत होता. कॉलेज रिकामं. खालच्या आळीतून आरतीच्या झांजा ऐकू येताहेत, दुपारचे बारा वाजलेत, माझ्या खिशात तिने परत केलेली चिठ्ठी आहे. मी त्याला म्हणालो, घे मेल्या. आणि बटण दाबलं.

सर, दयेनं केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. दया असती तर बाराला पण दिला असता. मला कुणाला तरी मिळताना बघायचं होतं, बस. आणि मिळालं त्याला. पहिल्यांदा तो दचकला, मग पट्टीकडे वळला, मग अर्ध्या तासात नऊ नंबरपेक्षा जोरात दाबायला लागला. मी जमिनीवर बसून बघत होतो आणि रडत होतो. दुसऱ्या दिवशी ठरवलं होतं की आता नाही, पण वायर जोडल्या जोडल्या तो धावत पट्टीशी गेला आणि मी बटण दाबलं. सहाच्या सहा दिवस. वहीत अकरासमोर रोज 'करंट नाही, शांत' असं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

तुम्ही परत आलात ते करंज्यांचा डबा घेऊन. "महाशय, कसे होते कोरे?" मी म्हटलं, शांत. मग तुम्ही स्वतः अकराला पेटीत सोडलंत, नियमाप्रमाणे करंट न देता. आणि तो धावला. दाबली. पुन्हा दाबली. थांबून वर बघितलं, पुन्हा दाबली, दातांनी पट्टी ओढली, अंग टाकून दाबली. तुम्ही वाकून बघत होतात. नखाजवळ रक्त आलं त्याच्या. तासभर तो दाबत राहिला सर, आणि अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघायचा. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. तुम्ही वही उघडून लिहिलंत, 'अकरा, कोरा असून पट्टी दाबतो.' आणि मला म्हणालात, "कमाल आहे नाही? ह्याला कुणी सांगितलं, ह्यातून काही मिळतं म्हणून?" मी करंजी खात होतो. दुसरा दिवस, पुन्हा तेच, जरा कमी. मग दहा दिवस भरले आणि तुम्ही चौघांना मारलंत. त्या दुपारी मी डबा खाल्ला नाही. मामा म्हणाले, "तुला काय झालं? तू काय सर झालास?"

मेंदूचे काप चिकटवलेल्या काचांवर नंबर नव्हते, खुणा होत्या. कुठली काच कोणाची ते लिहिलेलं पाकीट तुम्ही लाखेनं बंद करून मामांच्या ट्रंकेत ठेवलं होतंत, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात काही राहू नये. थंडी संपता संपता शेवटची पेशी काढून झाली आणि पाकीट फोडलं. टेबलाभोवती तुम्ही, ती आणि मी. सहा करंटचे, सगळ्यांच्या डहाळ्या दाट. पाच कोऱ्यांच्या विरळ. आणि एक कोरा, अकरा नंबर, करंटच्यांच्या बरोबरीनं दाट. तुम्ही ते तीनदा मोजलंत. मग म्हणालात, "म्हणजे करंट न देताही होतं. मग करंटनं होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?" पुण्याला फोन केलात. मार्गदर्शक पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होते की आम्हालाही ऐकू येत होतं. अहो, एक वगळा, लिहा आणि मोकळे व्हा. तुम्ही म्हणालात, "वगळायला कारण लागतं सर. कारण मिळालं तर आत्ता वगळतो. कारण नाही माझ्याकडे."

तुम्हाला हवं असलेलं कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं होतं. आणि तिनंच विचारलं, "सर, चुकून वायरमधून करंट गेला असेल का? गणपतीत?" तुम्ही माझ्याकडे वळलात. रागानं नाही, आशेनं. "महाशय, तेव्हा तुम्ही होता. गेला असेल? चुकून? चूक झाली असली तर फार बरं होईल हो." एवढं सोपं करून दिलंत तुम्ही. नुसती मान हलवायची होती. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मी सहा दिवस त्या पेटीपुढे काय करत होतो, का करत होतो, हे तिच्यापुढे उघडं पडणार होतं. मी ओरडलो. "माझ्यावर संशय आहे का तुमचा? तसं सांगा, उद्यापासून येत नाही!" टेबलावर हात आपटला, पेन्सिली खाली पडल्या. तुम्ही त्या वेचल्यात. म्हणालात, "नाही. तू नाही म्हणालास ना, संपलं." तेव्हा तुम्ही मला महाशय म्हणाला नाहीत. मी नाही असं म्हटलंही नव्हतं सर. मी फक्त ओरडलो होतो.

त्यानंतर मी लॅबमध्ये येत होतो पण माझी पेन्सिल कागदावर टिकत नव्हती. तिचं लग्न ठरल्याचं तिनं स्वतःच पेढे देऊन सांगितलं, मामांना दोन आणि मला एक. तुम्ही नवीन सहा आणि सहा मागवायला निघाला होतात, सगळं पहिल्यापासून. मी काढलेल्या एका चित्रावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हे चित्र नाही, ही कुरकुर आहे. मन थाऱ्यावर नसेल तर दोन दिवस घरी जा, पण माझ्या कागदावर खोटं काढू नकोस." खोटं हा शब्द कानात गेला आणि मी तुम्हाला नको ते बोललो. उंदरांची डोकी फोडून तुम्हाला काय मिळालं, म्हातारपणी डॉक्टर म्हणवून घ्यायचंय म्हणून बारा जीव घेतलेत, आता आणखी बारा घ्या. मामा मध्ये आले, "ए, तोंड सांभाळ." परीक्षेचा फॉर्म भरला नाही. वळकटी बांधली आणि दापोली गाडीत जाऊन बसलो.

तुम्ही तिथे आलात. स्कूटर लावून, धापा टाकत, खिडकीशी. मला वाटलं थांब म्हणाल, आणि मी मान फिरवायची तयारी करून बसलो होतो. तुम्ही टूथपेस्टचं रिकामं खोकं आत दिलंत. आत कापूस, कापसात एक काच. "अकरा नंबरची आहे. सगळ्यात सुंदर पेशी तिच्यात आहे. मला काही उमगलं नाही बघ तिचं. तुला कधी उमगलं तर कळव." गाडी सुटली तेव्हा तुम्ही हात केलात. मी केला नाही.

वर्ष-दीड वर्षानं रत्नागिरीच्या बाजारात मामा भेटले, रापणीची मासळी पिशवीत घेऊन. म्हणाले, "सर गेलं, तुला ठावं नाय? कावीळ झाली. चौथा उंदीर झाला व्हता नवा, आठ ऱ्हायलं." मी म्हटलं, मला कुणी कळवलं नाही. मामा म्हणाले, "कुठं कळवनार? तू पत्ता कुनाला दिलास?" मी तिथेच रस्त्यात त्यांच्याशी भांडलो. कशावरून ते आठवत नाही. ते निघून गेले, त्यांच्या पिशवीतून पाणी गळत होतं, त्याची रेघ मी बघत राहिलो.

आणि सर, मला उमगलं. उशिरा, गाळा टाकल्यावर. आमच्या धंद्यात मोटार चालत नसली की दोष कुठे आहे ते बघायला एकच गोष्ट बदलतात. चालू असलेला स्टार्टर काढून बंद मोटारीला लावायचा. मेलेली मोटार त्यानं फिरली, तर फिरवणारा तोच हे पक्कं. एका दुपारी असं करताना हातातली पक्कड तशीच राहिली. अकरा नंबर कोऱ्यातला होता. त्याला कोऱ्यांतच राहायचं होतं. त्याला करंट मिळाला आणि त्याच्या पेशींना करंटच्यांइतक्याच डहाळ्या फुटल्या. म्हणजे तो तुमच्या विरुद्ध नव्हताच. तुमच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं तोच बोलत होता, आणि तुम्हाला वाटलं तो तुम्हाला खोटं पाडतोय. आपलं चुकलं असं समजून तुम्ही पुन्हा बारा उंदरांच्या डोक्याला हात घातलात, तुम्ही, ज्यांना त्या दिवशी घास उतरत नव्हता. तुमचं बरोबर होतं सर. चारेक ओळीत सांगण्यासारखं होतं हे. मी तेव्हा फक्त एवढाच विचार केला की पकडला जाईन.

ती काच अजून त्याच खोक्यात आहे. एकदा ओळखीच्या शाळेत मायक्रोस्कोपखाली धरली. कडेनं काळं उतरायला लागलंय, पण मधली एक पेशी शाबूत आहे. खोड, फाटे, फाट्यांना फाटे, आणि त्यांवर आंब्याच्या मोहरासारखे बारीक ठिपके. मला वाईट वाटायला हवं होतं. आधी आनंद झाला. माझ्या हातून कुणाला काही मिळालं आणि ते रुजलं, असं दुसरं काही मला दाखवता येणार नाही. मग वाईट वाटलं.

त्या दिवशी मोटार खोलून बाहेर काढल्यावर काकूंनी चहा दिला आणि तुमची वही आणून ठेवली. म्हणाल्या, "बघ तुला काही कळतंय का. शेवटी शेवटी पण तेच. अकरा, अकरा. मी म्हणायचे, अहो, तो उंदीर मेला की कधीचा." अकरा नंबरच्या पानावर माझ्या अक्षरातल्या सहा ओळी, 'शांत, शांत, शांत,' आणि खाली तुमच्या पेन्सिलीनं एकच शब्द, 'कारण', पुढे प्रश्नचिन्ह. पेन्सिल इतक्या वेळा फिरवलेली की कागद चकाकत होता. काकूंनी विचारलं, "ह्यांचं चुकलं होतं का रे? एवढी वर्षं घातली त्यात. मला कुणी सांगतच नाही." मी कपातला चहा संपवला आणि म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं, काकू. मी तर कॉलेज सोडून गेलेला." त्या म्हणाल्या, "हो, तेही खरंच." आणि वही पदरानं पुसून आत घेऊन गेल्या.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार. मालगुंडच्या पत्त्यावर टाकलं तर ते काकू उघडतील, आणि त्यांना हे पत्रातून कळू नये एवढं मला समजतं. समोर बसून सांगायला हवं. त्यांच्या त्या प्रश्नाला नाही म्हणायला हवं, आणि मग का ते सांगायला हवं. मोटार बसवायला जाईन तेव्हा सांगेन असं ठरवलं आहे.

काल काकूंचा पुन्हा फोन आला होता. कलमं कोमेजायला लागली, माणूस कळशीनं पाणी घालतोय, कधी होईल रे? मी म्हटलं, त्या मापाची तार मिळत नाहीये, मुंबईहून मागवली आहे. तार मिळाली होती सर. मोटार परवाच भरून झाली, वार्निश वाळलं, मी करंट लावून ऐकलीसुद्धा. छान चालते.